ओल, दमटपणा आणि वाफसा : सर्पपेटीतील हवेचा विचार

पाण्याचा अंश दर्शविणारे शब्द मराठीत अनेक आहेत. व्यवहारात ते पुष्कळदा एकमेकांऐवजी योजले जातात. परंतु त्यांच्या अर्थांतील भेद निरर्थक नाही. ओल असते ती मातीला, भिंतीला, कापडाला. दमट असते ती हवा. आणि 'कोंदट' या शब्दात वारा खेळत नसल्याची सूचना असते. उष्ण कटिबंधातील साप पेटीत पाळणाऱ्याने हा भेद ध्यानात घेतला नाही, तर त्याची किंमत सापास मोजावी लागते.

सापास दमट हवेची गरज का असते, हे कात टाकण्याच्या क्रियेवरून स्पष्ट होते. जुन्या त्वचेखाली नवी त्वचा तयार झाली म्हणजे दोहोंच्या मध्ये द्रव साठतो. त्या दिवसांत सापाचे डोळे दुधाळ, निळसर दिसतात. पुढे ते स्वच्छ होतात आणि काही दिवसांनी कात मुखापासून शेपटीपर्यंत उलटी होत एकसंध निघते. हवा कोरडी असल्यास कातीचे तुकडे पडतात. शेपटीच्या टोकाशी अडकलेले वळे रक्तप्रवाह रोखते. सापास पापण्या नसल्यामुळे डोळ्यावरील पारदर्शक कवच कातीबरोबरच सुटावे लागते. ते राहून गेल्यास दृष्टीस इजा पोहोचण्याची भीती असते.

निसर्गात ही गरज कशी भागते, याचा दाखला सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतच मिळतो. महाबळेश्वरी वर्षास 5,500 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. माण, आटपाडी, जत या भागांत तो 500 मिलिमीटरांच्या आसपास असतो. महाबळेश्वराच्या ओलसर मातीत राहणाऱ्या खापरखवल्याच्या एका उपजातीचे वर्णन 1955 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. परंतु नाग जतच्या माळावरही राहतो. तेथे तो उन्हाच्या वेळी बिळात किंवा वारुळात आश्रय घेतो, आणि जमिनीखालची हवा बाहेरच्या हवेहून थंड व दमट असते. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण माणसाच्या स्वभावावर असली, तरी तिच्यातील निरीक्षण अचूक आहे. तालुक्याच्या हवामानापेक्षा बिळातील हवा सापाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची ठरते.

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथे नागपंचमीपूर्वी पकडलेले नाग मडक्यांत ठेवण्याची पद्धत होती. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने जिवंत नागांच्या या प्रथेस प्रतिबंध झाला. 2025 मध्ये केंद्र शासनाने लोकशिक्षणापुरती मर्यादित परवानगी दिली. नाग, धामण, घोणस, अजगर यांसारखे देशी साप घरी पाळणे वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. घरांतून आढळतो तो बहुधा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बॉल पायथन. त्याची नोंदणी 2024 च्या नियमांनी बंधनकारक केली आहे. हा सापही मायदेशी दिवसाचा पुष्कळ काळ उंदरांच्या बिळांत व वारुळांत घालवितो. त्याच्या पेटीत सुमारे 55 ते 70 टक्के सापेक्ष आर्द्रता असावी. कात टाकण्याच्या काळात ती वरच्या टोकाकडे ठेवावी.

'सापेक्ष' हे विशेषण येथे महत्त्वाचे आहे. 20 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे 17 ग्रॅम बाष्प राहू शकते. 30 अंशांस सुमारे 30 ग्रॅम. म्हणजे जुलैत महाबळेश्वरच्या धुक्यातील 20 अंशांची संपृक्त हवा पेटीत घेऊन दिव्याने 30 अंशांपर्यंत तापविली, तर तिची सापेक्ष आर्द्रता 100 वरून 57 टक्क्यांवर येते. बाहेर कपडे वाळत नसताना पेटीतील हवा मात्र फारशी दमट राहत नाही, त्याचे कारण हे.

आर्द्रता उतरलेली पाहून पाळणारा दोन चुका करतो. एक, तळावर पाणी ओततो. त्यामुळे हवेपेक्षा जमीनच ओली होते आणि पोटाच्या खवल्यांवर फोड येऊन ते कुजू लागतात. दुसरी, हवेची छिद्रे बंद करतो. पेटी कोंदट होऊन बुरशी धरते व श्वसनमार्गाचे विकार संभवतात.

योग्य स्थितीस कृष्णाकाठच्या शेतकऱ्याजवळ नेमका शब्द आहे : वाफसा. पाऊस उघडल्यानंतर मातीच्या कणांमध्ये पाणी व हवा दोन्ही योग्य प्रमाणात राहतात, माती औताला चिकटत नाही, त्या स्थितीस वाफसा म्हणतात. पेटीतील थर असाच हवा. नारळाच्या काथ्याच्या भुशाचा चार-पाच बोटे जाड थर घ्यावा. पाणी कडेने सोडून खालचा भाग ओलसर व वरचा कोरडा राहील असे पाहावे. मूठ आवळल्यास गोळा व्हावा, पण पाणी निथळू नये. पाण्याचे पसरट भांडे ठेवावे. अंग जेमतेम मावेल अशा डबीत ओलसर शेवाळ घालून सापास आयते बीळ करून द्यावे. आर्द्रतामापक उबदार व थंड अशा दोन्ही बाजूंस असावेत, कारण दोन्हीकडील आकडे वेगळे येतात. अडकलेली कात नखाने वा चिमट्याने ओढू नये. ओलसर डबीत ती बहुधा आपोआप सुटते. डोळ्यावरील कवच राहिल्यास पशुवैद्यास दाखवावे.

एप्रिलात जत येथे थराला वरचेवर पाणी द्यावे लागेल. जुलैत पाटण येथे कदाचित आठवडाभर द्यावे लागणार नाही. म्हणून पाण्याचे ठरीव वेळापत्रक कामाचे नाही. शेतकरी पेरणीपूर्वी माती हातात घेऊन पाहतो, त्याप्रमाणे थर रोज पाहावा लागतो.