पायाळू गर्भाचे बाह्यवर्तन : कर्जत-खालापूरच्या संदर्भात

पायाकडून जन्मलेल्या मुलास मराठीत ‘पायाळू’ म्हणतात. त्याला जमिनीतले पाणी कळते, अशी लोकसमजूत आहे. अठ्ठाविसाव्या आठवड्यात २० ते २५ टक्के गर्भांचे डोके वर असते. बहुतेक आपोआप वळतात, पूर्ण दिवसांत ३ ते ४ टक्के उरतात. आसनांनी गर्भ वळतो, यास पुरेसा पुरावा नाही. ३६-३७ आठवड्यांनंतर डॉक्टर पोटावरून हातांनी गर्भ फिरवतात. सुमारे निम्म्या वेळा यश येते. क्वचित वार सुटते किंवा गर्भाचे ठोके मंदावतात, म्हणून सोनोग्राफी व तातडीच्या शस्त्रक्रियेची सोय हवीच. कर्जत-खालापूरच्या ठाकूर-कातकरी वाड्यांवर घरीच पोट चोळून मूल फिरवणे यामुळेच धोक्याचे. सुईणीच्या जाणत्या हाताला वर असलेले डोके मात्र लागू शकते. ही खबर छत्तिसाव्या आठवड्यातच रुग्णालयात पोहोचावी. कळा सुरू झाल्यावर डोंगर उतरणाऱ्या बाईस ही संधी बहुधा उरत नाही.