फोर्कलिफ्ट उलटते कशी?

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत फोर्कलिफ्ट रोजची. ही चारचाकी प्रत्यक्षात तीन बिंदूंवर तोललेली असते: पुढची दोन चाके आणि मागच्या आसाचा मधला सांधा. गाडी आणि माल यांचा एकत्रित गुरुत्वमध्य या त्रिकोणात आहे तोवर ती उभी राहते. माल उंच नेला, की गुरुत्वमध्यही वर चढतो. मग साधे वळणही गाडी आडवी करायला पुरते. म्हणून माल जमिनीपासून वीतभरच उचलून, मास्ट मागे कलवूनच गाडी हलवायची. वळतात ती मागची चाके, त्यामुळे वळताना गाडीची पाठ बाहेर फेकली जाते. शेजारी उभ्या हेल्परच्या ते ध्यानातच येत नाही. मालाआडून समोरचे दिसत नसेल, तर सपाटीवर गाडी उलटी चालवावी. उतारावर माल नेहमी चढाकडेच हवा. आणि ‘दोन मिनिटांचे तर काम’ म्हणत फोर्कवर माणूस उभा करून वर चढवणे, हा तर शुद्ध अविचार!

गाडी कलंडू लागली की चालकाला उडी मारावीशी वाटते. बसून चालवायच्या गाडीत नेमके तेच जिवावर बेतते. डोक्यावरच्या लोखंडी सांगाड्याखाली तो चिरडला जातो. पट्टा आधीच बांधलेला असावा. स्टिअरिंग घट्ट धरावे, पाय रोवावेत आणि गाडी पडते त्याच्या उलट बाजूला अंग झुकवावे.