युरोपचा निर्वासितांसाठीचा पैसा नेमका जातो कुठं?

गेल्या महिन्यात जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर आमच्या मोहल्ल्यातल्या एका चाचांनी मला मोबाईलवरचा मेसेज दाखवला. युरोप मुसलमान निर्वासितांवर अब्जावधी रुपये उधळतो, असं त्यात लिहिलं होतं. खाली बुडालेल्या बोटीची बातमीही होती. चाचांनी विचारलं, "सर, इतने पैसे हैं तो लोगां डूबते काय कू?"

मी शाळेत समाजशास्त्र शिकवतो, पण त्या वेळी मला नीट उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचायला बसलो. मेसेजमधली रक्कम फारशी चुकीची नव्हती, चुकीचा होता तो तिचा अर्थ. तोच हिशोब इथं सोप्या भाषेत मांडतो आहे.

आधी दोन शब्द समजून घेऊ

स्थलांतरित म्हणजे काम, शिक्षण किंवा कुटुंबासाठी दुसऱ्या देशात गेलेला माणूस. निर्वासित म्हणजे धर्म, वंश किंवा राजकीय मतामुळे छळ होईल या भीतीने देश सोडलेला माणूस. 1951 च्या जिनिव्हा करारानुसार अशा माणसाला, जिथं त्याच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथं परत ढकलता येत नाही. त्याने केलेला अर्ज म्हणजे आश्रयाचा अर्ज.

आपल्याला ही गोष्ट नवी नाही. मक्क्यातल्या जुलुमाला कंटाळून पहिले मुसलमान हबशाला गेले, तेव्हा कुरैशची माणसं त्यांना परत न्यायला मागोमाग आली होती. नज्जाशी बादशहाने दोन्ही बाजू ऐकल्या आणि त्यांना सोपवायला नकार दिला. आधी ऐकून घ्यायचं, मग ठरवायचं, हाच आश्रयाच्या कायद्याचा गाभा आहे.

पैसा येतो कुठून?

युरोपियन युनियनमध्ये 27 सदस्य देश आहेत. ते मिळून एक सामाईक बजेट चालवतात आणि ते सात वर्षांसाठी ठरतं. सध्याचं बजेट 2021 ते 2027 चं आहे. त्यात "स्थलांतर आणि सीमा" या एका शीर्षाखाली सुमारे 25.7 अब्ज युरो ठेवले होते. एका युरोला ढोबळमानाने 100 रुपये धरले तर हे सुमारे अडीच लाख कोटी रुपये होतात. आकडा ऐकून डोळे फिरतात, पण युनियनच्या पूर्ण बजेटमध्ये हा वाटा 100 रुपयांतले 2 रुपये इतकाच आहे. शेती आणि मागास भागांच्या विकासावर याच्या कितीतरी पट पैसा जातो.

दुसरी गोष्ट, ही सगळी रक्कम निर्वासितांच्या हातात पडत नाही. तिचे वेगवेगळे खिसे आहेत.

पहिला खिसा : आश्रय आणि एकात्मता

या निधीचं नाव आश्रय, स्थलांतर आणि एकात्मता निधी. सात वर्षांसाठी 9.88 अब्ज युरो, म्हणजे जवळपास एक लाख कोटी रुपये. डेन्मार्क सोडून बाकी 26 देश यात आहेत. अर्ज तपासणारे अधिकारी, दुभाषे, राहण्याची सोय, भाषेचे वर्ग, एकटं आलेल्या मुलांची काळजी, हे सगळं यातून होतं. पण आश्रय नाकारलेल्यांना विमानात बसवून परत पाठवण्याचा खर्चही याच खिशातून होतो. भाषेच्या वर्गाचा खडू आणि परतीचं तिकीट एकाच पाकिटातून निघतं.

वाटणीची पद्धत पाहण्यासारखी आहे. सुरुवातीला प्रत्येक देशाला 80 लाख युरो ठरलेले. ग्रीस, सायप्रस आणि माल्टा हे समुद्राच्या तोंडावरचे देश, म्हणून त्यांना प्रत्येकी 2 कोटी 80 लाख. उरलेली रक्कम सूत्राने वाटली जाते. तिचे 35 टक्के आश्रयाच्या कामाच्या भारावर, 30 टक्के कायदेशीर स्थलांतर आणि एकात्मतेच्या भारावर आणि 35 टक्के बेकायदा स्थलांतर आणि परत पाठवणीच्या भारावर. म्हणजे ज्या देशाकडे परत पाठवायची माणसं जास्त, त्याचाही वाटा त्या मापाने वाढतो.

पैसा मिळाल्यावर प्रत्येक देश आपला कार्यक्रम आखतो. त्यातले किमान 15 टक्के आश्रयव्यवस्थेवर आणि किमान 15 टक्के एकात्मतेवर खर्चायची अट आहे. बाकीचा कल सरकार ठरवतं. साधारणपणे युनियन खर्चाच्या 75 टक्क्यांपर्यंत देते, बाकी देशाने घालायचे. काही कामांना 90 टक्क्यांपर्यंतही मिळतात.

यात एक चांगली तरतूद आहे. तुर्कस्तान, लेबनॉन, जॉर्डन अशा ठिकाणच्या छावण्यांतून निवडून कायदेशीरपणे आणलेल्या प्रत्येक निर्वासितामागे देशाला 10,000 युरो, म्हणजे दहा लाख रुपये मिळतात. त्यात बोट नाही आणि दलालही नाही. पण अशा जागा फार थोड्या असतात आणि कुठल्या देशाने किती द्यायच्या हे त्याच्या मर्जीवर असतं.

दुसरा खिसा : सीमा

सीमा व्यवस्थापन आणि व्हिसासाठी वेगळे 6.24 अब्ज युरो आहेत. कॅमेरे, मनोरे, गस्तीच्या गाड्या, बोटांचे ठसे घेणारी यंत्रं यातून येतात. आपल्यापैकी कुणी लेकाला किंवा लेकीला भेटायला थोड्या दिवसांच्या व्हिसावर जर्मनीला गेलं, तर विमानतळावर फोटो आणि ठसे घेण्याची जी नवी पद्धत 12 ऑक्टोबर 2025 पासून सुरू झाली, तिच्या तयारीलाही हा पैसा लागला.

काटेरी तारा आणि भिंतींवरून मोठा वाद झाला. ऑक्टोबर 2021 मध्ये 12 देशांनी भिंतींसाठी पैसे मागितले. युरोपियन आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डर लायन यांनी नकार दिला. पण फेब्रुवारी 2023 मध्ये देशप्रमुखांच्या बैठकीत मनोरे, टेहळणी आणि सीमेवरच्या बांधकामांसाठी युनियनचा पैसा वापरायचं ठरलं. भिंत नाही, पण भिंतीवरचा कॅमेरा चालतो, असा तो मधला रस्ता.

तिसरा खिसा म्हणजे वॉर्सात मुख्यालय असलेली फ्रॉन्टेक्स ही सीमासंस्था. 2005 मध्ये तिचं वर्षाचं बजेट सुमारे 60 लाख युरो होतं. 2023 मध्ये ते 84 कोटी युरोंच्या वर गेलं. 2027 पर्यंत 10,000 जणांचं कायमचं दल उभारायचं उद्दिष्ट आहे.

मग लोक बुडतात का?

आता चाचांच्या प्रश्नाकडे येऊ. आश्रयाचा अर्ज युरोपच्या जमिनीवर पोहोचल्यावरच करता येतो. त्यासाठी वेगळा व्हिसा नाही. विना व्हिसा प्रवासी आणला तर विमान कंपनीला दंड होतो, म्हणून कंपनी चढूच देत नाही. सीरिया किंवा सुदानमधल्या माणसाकडे तिकिटाचे पैसे असले तरी विमान त्याच्यासाठी बंद असतं. मग तो त्याहून कितीतरी जास्त पैसे दलालाला देऊन रबरी बोटीत बसतो. पोहोचला तर वकील, दुभाषा आणि छप्पर मिळण्याची व्यवस्था आहे, त्यासाठी निधी आहे. पोहोचण्याच्या सुरक्षित वाटेसाठी मात्र जवळपास काहीच नाही.

समुद्रातल्या बचावाचंही तसंच. 3 ऑक्टोबर 2013 रोजी लाम्पेदुसा बेटाजवळ बोट उलटून 368 माणसं मेली. त्यानंतर इटलीने "मारे नोस्त्रुम" नावाची नौदल मोहीम काढली. महिन्याला सुमारे 90 लाख युरो खर्च करून वर्षभरात दीड लाखाच्या आसपास माणसं वाचवली. इटलीने बाकी देशांकडे वाटा मागितला, तो मिळाला नाही. ऑक्टोबर 2014 मध्ये मोहीम बंद झाली आणि तिच्या जागी फ्रॉन्टेक्सची "ट्रायटन" आली. तिचा खर्च महिन्याला 30 लाख युरोंच्या आत, गस्त मुख्यतः इटलीच्या किनाऱ्याजवळ, आणि काम सीमेवर नजर ठेवणं. एप्रिल 2015 मध्ये एकाच बोटीत सुमारे 800 माणसं बुडाली, तेव्हा कुठं ट्रायटनचा पैसा तिप्पट केला.

जून 2023 मध्ये ग्रीसच्या पायलोसजवळ बुडालेल्या बोटीवर अंदाजे 750 माणसं होती, त्यातली 104 वाचली. त्यात पाकिस्तान, सीरिया आणि इजिप्तची माणसं होती. 2014 पासून भूमध्य समुद्रात मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्यांची संख्या 30,000 च्या वर गेली आहे.

शेजारी देशांना दिलेला पैसा

युरोप सीमेबाहेरही पैसा देतो. मार्च 2016 मध्ये तुर्कस्तानशी समझोता झाला. समुद्रमार्गे ग्रीसला येणाऱ्यांना तुर्कस्तानने परत घ्यायचं आणि तिथल्या निर्वासितांसाठी युरोपने दोन टप्प्यांत 6 अब्ज युरो द्यायचे. त्यातून एक चांगलं काम झालं. तुर्की रेड क्रिसेंटच्या मदतीने निर्वासित कुटुंबांना कार्ड दिलं गेलं आणि त्यावर महिन्याला माणशी ठरलेली रक्कम जमा होऊ लागली. पीठ घ्यायचं की घरभाडं भरायचं, हे त्या घरच्या बाईने ठरवायचं. 15 लाखांहून जास्त लोकांना याचा फायदा झाला.

त्याच समझोत्याची दुसरी बाजूही आहे. हजारो माणसं ग्रीक बेटांवर अडकून पडली. लेस्बॉसवरची मोरिया छावणी क्षमतेच्या कितीतरी पट भरली आणि सप्टेंबर 2020 मध्ये जळून गेली. त्यानंतर पाच बेटांवर नव्या छावण्यांसाठी युरोपने 27 कोटी 60 लाख युरो दिले. सामोसवरची छावणी 2021 मध्ये उघडली, तेव्हा आत पक्की घरं होती आणि भोवती दुहेरी तारेचं कुंपण.

जुलै 2023 मध्ये ट्युनिशियाला सीमेच्या कामासाठी साडेदहा कोटी युरो द्यायचं ठरलं. त्याच उन्हाळ्यात सहाराच्या दक्षिणेकडून आलेल्या लोकांना लिबियाच्या हद्दीवरच्या वाळवंटात सोडून दिल्याच्या बातम्या आल्या. पैसा परदेशात गेला की त्याच्यावरची नजरही पातळ होते.

हिशोब कोण मागतं?

इथं युरोपचं एक कौतुक करायला हवं. तिथं हिशोब मागणाऱ्या संस्था आहेत आणि त्या मागतात. आलेल्या बोटी मागे ढकलल्याचे आरोप झाकल्याबद्दल युनियनच्याच गैरव्यवहारविरोधी कार्यालयाने फ्रॉन्टेक्सची चौकशी केली. एप्रिल 2022 मध्ये तिचे प्रमुख फाब्रिस लेजेरी यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युरोपियन संसदेने फ्रॉन्टेक्सच्या 2020 च्या हिशोबाला मंजुरी नाकारली. पण पुढं काय झालं? संस्थेचं बजेट वाढतच राहिलं आणि लेजेरी 2024 मध्ये फ्रान्सच्या कट्टर उजव्या पक्षाकडून त्याच संसदेत निवडून आले.

2024 मध्ये नवा स्थलांतर करार मंजूर झाला. जून 2026 पासून तो लागू करायचं ठरलं. निर्वासित वाटून घ्यायला नकार देणाऱ्या देशाने माणशी 20,000 युरो भरायचे किंवा दुसरी मदत द्यायची, अशी त्यात सोय आहे. म्हणजे ग्रीस-इटलीचा भार वाटला जाईल, पण पैसे भरून माणूस टाळताही येईल. जुलै 2025 मध्ये आयोगाने 2028 ते 2034 च्या बजेटात स्थलांतर आणि सीमेचा पैसा तिप्पट करायचा प्रस्ताव मांडला. त्यातला किती भाषेच्या वर्गाला आणि किती मनोऱ्याला, यावर आता तिथं भांडण आहे.

आपण काय घ्यायचं?

"युरोप मुसलमानांना पोसतो" हा मेसेज अर्धवट आहे. 2022 मध्ये युक्रेनची 40 लाखांहून जास्त माणसं आली, तेव्हा याच युरोपने अर्जाच्या रांगेत न लावता त्यांना राहण्याचा आणि कामाचा हक्क दिला. तो नियम 2001 पासून कागदावर होता, सीरियन आले तेव्हा तो वापरला नाही. म्हणजे अडचण फक्त पैशाची नाही. पण "युरोप मुसलमानांचा दुश्मन आहे" हा मेसेजही तितकाच अर्धवट आहे. लाखो सीरियन आणि अफगाण मुलं आज जर्मनीच्या शाळांत शिकतात, तीही लोकांच्या करातूनच.

एक काळजीची गोष्ट आपल्या घरची. काही एजंट पोरांना सांगतात की कसंही युरोपात घुसा, मग आश्रय मागा. आश्रय हा नोकरीचा परवाना नाही. अर्ज फेटाळला तर परतीच्या तिकिटाचा खर्च ज्या निधीतून होतो, तो आपण वर पाहिलाच. सर्बियाचा भारतीयांसाठीचा विना व्हिसा रस्ता जानेवारी 2023 पासून बंद झाला आहे. जायचंच असेल तर भाषा शिकून, हुन्नर घेऊन, कायदेशीर वाटेने जावं. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल कामगारांसाठी करार केला, तो याच वाटेसाठी.

जकातीचे आठ हक्कदार ठरलेले आहेत आणि वाटेत अडकलेला मुसाफिर त्यात आहे. म्हणून जमातीच्या हिशोबात आपण किती गोळा झाले एवढंच विचारत नाही, कुणाला पोहोचले तेही विचारतो. युरोपच्या निधीलाही तोच प्रश्न लावायचा.

पुढच्या जुम्याला चाचा भेटले. मी सांगितलं, "चाचा, पैसा किनाऱ्यावर आहे. मधल्या पाण्यासाठी कुणी ठेवला नाही." ते काही बोलले नाहीत. मोबाईल काढून तो मेसेज पुसून टाकला.