माळ्यावरचें यंत्र

पन्नाशीकडे झुकलेल्या गृहस्थानें आपण व्हिडिओ गेम खेळतों असें चारचौघांत सांगितलें, तर ऐकणारांच्या चेहऱ्यावर जी छटा उमटते ती आतां माझ्या परिचयाची झाली आहे. एखाद्यानें दारूची कबुली दिली, तर लोक निदान त्याच्या प्रकृतीची चौकशी करतात. येथें तेवढीहि सहानुभूति मिळत नाहीं. तथापि मी हे खेळ तेराव्या वर्षापासून आजतागायत खेळत आलों आहें. आणि गेल्या दोन वर्षांत नवे, भपकेदार खेळ बाजूस सारून लहानपणच्याच खेळांकडे परतलों आहें. त्या परतीची ही हकीकत आहे.

१९९२ च्या उन्हाळ्याच्या सुटींत मामांनीं मुंबईहून आमच्या सांगलीच्या घरीं एक यंत्र आणलें. जपानांतील निन्टेन्डो कंपनीनें १९८३ सालीं 'फॅमिकॉम' नांवाचें खेळयंत्र काढलें, त्याचीच ती एक स्वस्त नक्कल. सोबतच्या कॅसेटवर ९९९९ खेळ असल्याचें छापलेलें होतें. मोजतां आठ भरले, बाकीचे तेच पुन्हां. वडिलांनीं नियम घालून दिला, कीं दिवेलागणीस परवचा झाल्यावर एक तास. यंत्रास दोन कंट्रोलर होते. पहिल्यावर खेळ सुरू करण्याचें व मध्येंच थांबविण्याचें बटन होतें, दुसऱ्यावर तें नव्हतें. मूळच्या जपानी यंत्राचीहि रचना अशीच होती. दुसरा कंट्रोलर अर्थातच माझ्या धाकट्या भावाकडे गेला, व तो कायमचा त्याच्याकडेच राहिला.

पुढें संगणक आले. क्लासमध्यें जाऊन आम्ही जें शिकलों त्याहून 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा १९८९ चा खेळच अधिक खेळलों. त्याचा कर्ता जॉर्डन मेक्नर यानें आपल्या धाकट्या भावास धांवावयास व उड्या मारावयास लावून त्याचें चित्रण केलें, आणि त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल रेखाटली. तें धांवणें इतकें खरें कां वाटतें याचा उलगडा मला पुष्कळ वर्षांनीं झाला. त्यानंतरचीं यंत्रें एकामागून एक घरांत आलीं आणि गेलीं. त्यांचा पाढा वाचण्यांत अर्थ नाहीं.

जुनें यंत्र सांपडलें तें घर रिकामें करतांना. वडिलांच्या पश्चात् घर विकावें असें धाकट्याचें मत होतें, ठेवावें असें माझें. तो टोरोंटोस, मी पुण्यास. घरांत राहणारें कोणीच नाहीं. तरी थोरलेपणाच्या अधिकारानें मी अडून बसलों. २०१९ च्या महापुरांत तळमजला बुडाला, २०२१ मध्यें पुन्हां पाणी शिरलें, आणि अखेर २०२३ सालीं मिळेल त्या किंमतीस घर द्यावें लागलें. त्यानें मला त्याबद्दल एक अक्षरहि लिहिलें नाहीं. दुसरेंहि कांहीं लिहिलें नाहीं. यंत्र माळ्यावर होतें म्हणून वांचलें.

पुण्यास आणून अडॅप्टर बदलला, घरच्या मोठ्या सपाट टीव्हीस जोडलें, आणि 'सुपर मारिओ' सुरू केला. पहिल्याच खड्ड्यांत पडलों. दहा वेळां पडलों. बोटें म्हातारीं झालीं असें मनाशीं म्हणून मी यंत्र आवरून ठेवणार होतों. परंतु दोष सर्वस्वी बोटांचा नव्हता. नवे पडदे आलेलें चित्र आधीं साठवतात, सजवतात आणि मग दाखवतात. या उद्योगांत कित्येक टीव्हींवर सेकंदाचा विसावा भाग सहज जातो. तेवढ्यांत धांवता मारिओ अर्धी वीट पुढें गेलेला असतो. म्हणजे खड्डा आपल्यास दिसतो तेव्हां तो आधींच जवळ आलेला असतो! जुन्या कांचेच्या नळीच्या टीव्हींत हें साठवणें नव्हतें. संकेत येईल तसा इलेक्ट्रॉनांचा झोत ओळीमागून ओळ रंगवीत जाई. बंदुकीनें बदकें टिपावयाचा 'डक हंट' तर नव्या पडद्यावर मुळींच चालत नाहीं. त्यांत बंदूक कांहींच सोडीत नाहीं. चाप ओढतांच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागीं पांढरा चौकोन उमटतो, आणि नळींतला डोळा तो उजेड पाहतो. उजेड ठरल्या क्षणीं आला नाहीं, कीं नेम चुकला.

जुन्या बाजारांतून मी नळीचा एक टीव्ही आणला. दोघां हमालांनीं तो जिन्यानें वर चढविला, तेव्हां आमच्या सौभाग्यवतींनीं माझ्याकडे जें पाहिलें तें लिहून दाखविण्यासारखें नाहीं. त्यावर मी खड्ड्यांत पडलों तो तीनच वेळां. तेव्हां बोटांचाहि वांटा होताच.

संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणारे प्रोग्रॅम आहेत, हें मला ठाऊक होतें. त्यांत वाटेल त्या क्षणीं खेळ जतन करतां येतो. मेलें कीं मागल्या क्षणास परत. या सोयीनें मीं मारिओचे बत्तीसहि टप्पे एका दुपारींत संपविले, आणि उठलों तेव्हां हातीं कांहींच लागलें नव्हतें. तो सगळा खेळ ४० किलोबाइटांत बसतो. आजच्या मोबाइलनें काढलेलें एक छायाचित्र त्याच्या पन्नासपट जागा सहज व्यापतें. जागा वांचविण्यासाठीं ढग आणि झुडूप यांस एकच आकृति वापरली आहे, वर पांढरी, खालीं हिरवी. (मुलपणीं हें ध्यानांत आलें नाहीं, आतां दुसरें कांहीं दिसत नाहीं.) एवढ्याशा ऐवजावर आम्हीं चार सुट्या काढल्या त्या केवळ हरण्याच्या बळावर. जतन करण्याची सोय नव्हती, म्हणून पहिला टप्पा शेंकडों वेळां खेळावा लागला, आणि खेळतां खेळतां तो घरच्या जिन्यासारखा पायांस पाठ झाला. हरणें काढून घेतल्यावर उरतें तें ४० किलोबाइटच.

ह्या खेळांची आणखी एक चिंता आहे. अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेनें २०२३ सालीं पाहणी केली. त्या देशांत २०१० पूर्वीं निघालेल्या दर शंभर खेळांपैकीं ८७ आज बाजारांत विकत मिळत नाहींत. उरते ते चोरून घेतलेल्या नकला, संग्रहालयें, आणि माळे. आमची कॅसेट चोरीचीच होती हें येथें कबूल केलें पाहिजे.

गेल्या वर्षीं दिवाळींत धाकटा भारतांत आला, व भाऊबीजेच्या निमित्तानें दोन दिवस आमच्याकडे उतरला. बोलणें हवापाण्यापलीकडे जाईना. संध्याकाळीं त्यानें तो अवजड टीव्ही पाहिला, आणि खालचें यंत्रहि. कांहीं न बोलतां तो जमिनीवर मांडी घालून बसला व आपल्या जुन्या संवयीनें दुसऱ्या कंट्रोलरकडे हात नेला.

खेळ अर्थात् 'कॉन्ट्रा'. दोन शिपाई, दोघांस तीन तीन जीव. तीस जीव मिळविण्याची एक किल्ली आहे. काझुहिसा हाशिमोतो या जपानी कारागिरानें १९८६ सालीं 'ग्रेडियस' नांवाच्या दुसऱ्या एका खेळासाठीं ती घातली, कारण स्वतःच तपासावयाचा खेळ त्यास फार अवघड जाई. वर, वर, खालीं, खालीं, डावें, उजवें, डावें, उजवें, बी, ए. परवचा म्हणावा तशी आम्ही ती म्हणत असूं. मी म्हणूं लागणार तोंच धाकटा म्हणाला, "नको दादा, तीनच."

तिसऱ्या टप्प्यास धबधबा आहे. खडकाखडकावरून वर चढावयाचें. पुढचा जसजसा चढेल तसतसें चित्र वर सरकतें, आणि मागचा अजून खालच्या पायरीवर असला तर तो पडद्याबाहेर जाऊन मरतो. गोळी लागत नाहीं, शत्रूहि नसतो; जोडीदार थांबला नाहीं एवढेंच. लहानपणीं आमची निम्मी भांडणें या धबधब्यावर झालेलीं. मी सरळ वर गेलों. तो खालीं गेला.

"अजून तसाच आहेस," तो म्हणाला. आवाजांत राग नव्हता, म्हणून तें अधिक लागलें.

आम्ही पुन्हां आरंभापासून खेळलों. या खेपेस मीं पहिला कंट्रोलर त्याच्या हातीं दिला. त्यानें तो उलटासुलटा करून पाहिला, मधलें बटन अंगठ्यानें चांचपलें, आणि घेतला. धबधब्याशीं आलों तेव्हां तो एका खडकावर उभा राहिला. मी खालच्या पायरीवरून उडी चुकून दोनदां परत आलों, तरी तो हलला नाहीं. वरून दगड कोसळत होते. स्वयंपाकघरांतून हांक आली, "भावोजी, पानें वाढलीं आहेत, पुरे करा आतां तो खेळ." मीं संवयीनें माझ्या कंट्रोलरवर तें बटन शोधूं लागलों. त्यानें आपल्या कंट्रोलरवरचें दाबलें, आणि दोघेहि शिपाई एकाच खडकावर थांबले.