तिसरा साक्षीदार : गुरुत्वीय लहरींच्या जोड्या आणि विश्वाचं मोजमाप



मागे एका व्याख्यानानंतर मंचरकडच्या एका शेतकरी श्रोत्यांनी आम्हाला विचारलं होतं, "सर, त्या खोडदच्या दुर्बिणीपायी आमची रेल्वे अडली. आकाश मोजून आम्हाला मिळणार तरी काय?" प्रश्न रास्त आहे. जीएमआरटीच्या कामात व्यत्यय येईल म्हणून पुणे-नाशिक रेल्वेचा जुन्नर-आंबेगावातला मार्ग बाजूला पडला, त्याची झळ आपल्याच माणसांना बसते. तेव्हा थातुरमातुर उत्तर देऊन चालणार नाही.

आधी भांडण काय आहे ते समजून घेऊ. विश्व प्रसरण पावतंय. त्याचा आजचा दर सांगणाऱ्या आकड्याला हबल स्थिरांक म्हणतात. विश्वाच्या बाल्यावस्थेतून आलेल्या प्रारणावरून, प्रचलित प्रारूप खरं धरून, तो काढला तर सुमारे ६७ येतो. तुलनेनं जवळचे तारे आणि ताऱ्यांचे स्फोट यांवरून काढला तर सुमारे ७३. म्हणजे दर ३३ लाख प्रकाशवर्षांच्या अंतरामागे सेकंदाला इतके किलोमीटर. फरक लहान वाटेल, पण दोन्ही बाजूंच्या मापनातल्या संभाव्य चुका धरूनही तो मिटत नाही. मग मापनात काही चुकतंय, की विश्वाचं आपलं प्रारूपच अपुरं आहे?

बांधाच्या भांडणात दोन भल्या माणसांच्या जबान्या जुळल्या नाहीत तर आपण काय करतो? तिसरा साक्षीदार शोधतो. आणि तो दोघांपैकी कोणाचाही पाहुणा नाही ना, हे आधी बघतो.

असा साक्षीदार म्हणजे गुरुत्वीय लहरी. १४ सप्टेंबर २०१५ रोजी त्या पहिल्यांदा थेट पकडल्या गेल्या. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या लहरी आल्या. त्या टकरीनंतरच्या रेडिओ प्रकाशाचा वेध जगातल्या ज्या दुर्बिणींनी घेतला, त्यांत खोडदची होती. लहरींवरून टकरीचं अंतर कळलं, दीर्घिकेवरून ती दूर जाण्याचा वेग कळला, आणि स्थिरांक आला साधारण ७०. पण चुकीची मर्यादा ६२ ते ८२! साक्षीदार आला खरा, पण निकाल लागला नाही.

इथे गुरुत्वीय भिंग उपयोगी पडतं. वाटेत एखादी वजनदार दीर्घिका आली, तर तिच्या गुरुत्वानं लहरींच्या वाटा वाकतात. एकाच टकरीच्या लहरी दोन-तीन वाटांनी येतात. एक आधी, दुसरी काही मिनिटांनी, कधी काही महिन्यांनी.

जीवधनच्या कड्यासमोर आम्ही तरुणपणी हाका मारत असू. पडसाद दोन सेकंदांनी आला तर कडा सुमारे ३४० मीटरवर. वेळेवरून अंतर कळतं. पडसाद कड्यावर आपटून येतो, इथे लहरी फक्त वाकतात, एवढा फरक लक्षात ठेवा. लहरींना होणारा उशीरही अंतरांवर अवलंबून असतो आणि ती अंतरं विश्वाच्या प्रसरणावर. बाकी सगळं तेच ठेवून हबल स्थिरांक मोठा धरला, तर उशीर कमी भरतो.

शिवाय लहरींची वेळ सेकंदाच्याही लहानशा भागापर्यंत अचूक मिळते. अडचण अशी, की कृष्णविवरांची टक्कर सहसा दिसत नाही आणि भिंग झालेली दीर्घिकाही नेमकी कोणती ते कळत नाही. कडा कुठे आहे हेच ठाऊक नाही, मग पडसादाचं करायचं काय?

यावर सौविक जाना, शाश्वत कपाडिया, तेजस्वी वेणुमाधव आणि पी. अजित यांनी २०२३ मध्ये एक मार्ग मांडला. बेंगळुरूची आयसीटीएस आणि आपल्या पुण्याची आयुका या संस्था त्यात आहेत. एका जोडीच्या मागे लागू नका, असंख्य जोड्या जमवा. पुढच्या पिढीच्या शोधकयंत्रांना लाखो टकरी ऐकू येतील. त्यांतल्या सुमारे शंभरात एकीच्या अशा प्रती मिळतील. किती जोड्या मिळाल्या आणि त्यांच्यातले उशीर कसे विभागले आहेत, एवढ्यावरून विश्वाचं प्रारूप तपासता येईल. तेही काळाच्या अशा टप्प्यावर, जिथे आधीच्या दोन पद्धती पोचत नाहीत.

आता सावधगिरीचं. या साक्षीदाराचीही उलटतपासणी हवी. दीर्घिकांची वजनं कशी पसरलेली आहेत, टकरी कोणत्या काळात किती होतात, हे चुकीचं धरलं तर उत्तर चुकेल. आणि अशी पक्की जोडी अजून एकही सापडलेली नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेल्या लायगो-इंडियाला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. तिच्यामुळे लहर आकाशात कुठून आली हे अधिक नेमकं कळेल, आणि दोन लहरी एकाच टकरीच्या आहेत का, हे ठरवणं सोपं जाईल.

मग त्या शेतकरी बंधूंना उत्तर काय? रेल्वेची भरपाई विश्वाच्या आकड्यानं होत नाही, आणि तसं आम्ही म्हणणारही नाही. रेल्वेची मागणी त्यांनी जरूर लावून धरावी. पण रेडिओ-शांतता ही दुर्मीळ चीज आहे. ४५ मीटर व्यासाच्या त्या ३० अँटेना आपल्या परिसरात उभ्या आहेत, त्या या शांततेमुळेच. आपलं विश्वाबद्दलचं म्हणणं चुकीचं ठरू शकतं, हे मान्य करून ते तपासायला लावणं, याला आम्ही ज्ञान म्हणतो. त्या तपासात आपल्या तालुक्यांची साक्ष एकदा नोंदली गेली आहे. किंमत कोणी मोजली, हेही तिथेच नोंदलं जावं.

प्रश्न असतील तर विचारा.