गोलमाल (१९७९ चित्रपट)

गोलमाल हा १९७९ साली प्रदर्शित झालेला हिंदी विनोदी चित्रपट आहे. त्याचे दिग्दर्शन हृषीकेश मुखर्जी यांनी केले असून अमोल पालेकर, उत्पल दत्त, बिंदिया गोस्वामी, दीना पाठक, देवेन वर्मा आणि डेव्हिड यांच्या त्यात भूमिका आहेत. संवाद राही मासूम रझा यांचे, गीते गुलजार यांची, संगीत राहुलदेव बर्मन यांचे आणि छायालेखन जयवंत पाठारे यांचे आहे.

कथानक

मुंबईत राहणारा रामप्रसाद शर्मा हा सुशिक्षित तरुण नोकरीच्या शोधात असतो. गाणे आणि खेळ यांची त्याला मनापासून आवड आहे. उर्मिला ट्रेडर्सचे मालक भवानी शंकर यांना मात्र तरुणांचे असे छंद मुळीच खपत नाहीत. त्यांच्या मते मिशी नसलेला पुरुष विश्वासास पात्र नसतो. वडिलांचे स्नेही डॉ. केदार यांच्याकडून हे कळल्यावर रामप्रसाद आखूड कुडता घालून, खेळांविषयी पूर्ण अज्ञान दाखवून मुलाखत देतो आणि नोकरी मिळवतो.

पुढे आई आजारी असल्याचे सांगून तो हॉकीचा सामना पाहण्यास जातो आणि तेथे मालकांच्या दृष्टीस पडतो. सुटकेसाठी तो लक्ष्मणप्रसाद ऊर्फ लकी नावाचा बिनमिशीचा जुळा भाऊ कल्पून काढतो. भवानी शंकर याच लकीला आपली कन्या उर्मिला हिला गाणे शिकवण्यासाठी नेमतात. उर्मिला लकीच्या प्रेमात पडते. वडिलांना मात्र जावई म्हणून रामप्रसाद हवा असतो. एका असत्यासाठी दुसरे रचावे लागते. शेवटी सत्य उघड होते आणि विवाहाला संमती मिळते. अखेरच्या छायाचित्रात स्वतः भवानी शंकरही बिनमिशीचे दिसतात.

लक्ष्मणप्रसादचे पात्र

चित्रपटाची मोहिनी मुख्यतः या अस्तित्वात नसलेल्या भावात आहे. लकी हा कामधंदा नसलेला, बेफिकीर, गाण्यात रमणारा तरुण आहे. वरवर पाहता रामप्रसाद खरा आणि लकी खोटा. परंतु स्वभावाच्या दृष्टीने स्थिती नेमकी उलटी आहे. कार्यालयातील विनम्र, रसहीन रामप्रसाद हे पोटासाठी घेतलेले सोंग होय, तर लकीच्या रूपाने त्याला आपल्या दडपलेल्या आवडी मोकळेपणाने जगता येतात. उर्मिलेचे मन लकीकडे ओढले जाते, ते यामुळेच.

विनोदाच्या तळाशी त्या काळातील मध्यमवर्गीय तरुणाची बेकारी आहे. पात्रता अंगी असूनही नोकरी मिळते ती मालकाच्या लहरीप्रमाणे वेष बदलल्यावर. तरीही भवानी शंकर खलनायक ठरत नाहीत. उत्पल दत्त यांनी त्यांना हट्टी, भोळे आणि मनाने सरळ रंगवल्यामुळे त्यांची फसवणूक पाहताना प्रेक्षकाला हसू येते, तशी त्यांची कीवही येते.

अमोल पालेकर हे सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकलेले चित्रकार आणि मराठी-हिंदी प्रायोगिक रंगभूमीवरील नट होते. ‘रजनीगंधा’ (१९७४) आणि ‘छोटी सी बात’ यांतून त्यांची साध्या, संकोची नायकाची प्रतिमा रूढ झाली होती. रामप्रसाद त्या प्रतिमेला धरून आहे. लकी ती मोडतो. मिशीखेरीज आवाज, चाल आणि उभे राहण्याची ढब यांतील फरकाने त्यांनी दोन व्यक्ती उभ्या केल्या.

संगीत

‘आनेवाला पल’ हे किशोर कुमार यांनी गायलेले गीत विशेष लोकप्रिय झाले. नायक गाण्याचा शिक्षक असल्याने गीते कथेत सहज सामावतात. शिकवणी हेच प्रेमाचे निमित्त ठरते.

पुरस्कार व प्रभाव

या चित्रपटासाठी पालेकर यांना सर्वोत्कृष्ट अभिनेता, उत्पल दत्त यांना सर्वोत्कृष्ट विनोदी अभिनेता आणि ‘आनेवाला पल’साठी गुलजार यांना सर्वोत्कृष्ट गीतकार हे फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. रजनीकांत यांची भूमिका असलेला ‘तिल्लु मुल्लु’ (१९८१) हा तमिळ चित्रपट याच कथेवर बेतला आहे. रोहित शेट्टी यांच्या ‘बोल बच्चन’ (२०१२) या चित्रपटामागेही तिचीच प्रेरणा आहे. रोहित शेट्टी यांच्या २००६ पासूनच्या ‘गोलमाल’ मालिकेचा मात्र या कथानकाशी संबंध नाही.

सोंगातून निर्माण होणारा घोटाळा मराठी प्रेक्षकाला आचार्य अत्रे यांच्या ‘मोरूची मावशी’ या नाटकापासून परिचित आहे. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हा मराठी चित्रपटही हृषीकेश मुखर्जी यांच्याच ‘बीवी और मकान’ (१९६६) या चित्रपटावरून प्रेरित आहे.