रंगीत काचांची खिडकी

इंग्लंडमधील यॉर्क शहरात एक भव्य चर्च आहे. त्याच्या पूर्वेकडील भिंतीत रंगीत काचांची प्रचंड खिडकी आहे. जॉन थॉर्नटन या कारागिराने ती १४०५ ते १४०८ या काळात घडवली. काचेच्या तुकड्यांवर चित्रे रंगवून ते तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडले आहेत.

ऊन-पावसाने काचा झिजल्या. प्रत्येक दुरुस्तीत शिशाच्या पट्ट्या वाढल्या. चित्रे नीट ओळखू येईनात. म्हणून २००८ मध्ये खिडकी उतरवली. कारागिरांनी तिचे ३११ भाग एकेक करून साफ केले, फुटलेले तुकडे जोडले आणि जादा पट्ट्या काढल्या. बाहेरून संरक्षक काच बसवली. हे काम २०१८ मध्ये पूर्ण झाले.

नवी खिडकी लवकर झाली असती. पण थॉर्नटनच्या हातची चित्रे कायमची गेली असती.